कंबरदुखीवर फिजिओथेरपी : आठ महिन्यांनंतर

मी सांगलीत गावभागात जेवणाचे डबे करते. रोजच्या अडीचशे-तीनशे चपात्या. वय ४८. गेल्या एप्रिलमध्ये पिठाचा डबा उचलताना कंबरेत उसण भरली आणि आठवडाभरात दुखणं उजव्या पायात उतरलं, मांडीच्या मागून थेट पोटरीपर्यंत. तेल चोळलं, शेक घेतला, पट्टा बांधला, गोळ्या खाल्ल्या. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकल्याचं आलं आणि आता ऑपरेशनच, असं घरात सगळ्यांनी धरून टाकलं.

आधी घराजवळच्या एका ठिकाणी गेले. तिथे रोज अर्धा तास मशीन. करंटचे पॅड, कंबरेला ताण, शेक, झालं. खाटेवर असेपर्यंत बरं वाटायचं, घरचा जिना चढेपर्यंत चमक परत. असे वीस दिवस गेले. व्यायाम एकही दाखवला नाही, मी काम काय करते हेही कुणी विचारलं नाही. त्याचा राग मला अजून आहे. माझी पुतणी मिरजेला नर्सिंग शिकते. तिने जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या सूचना वाचून दाखवल्या. ठरावीक कारण सापडत नाही अशा जुनाट कंबरदुखीत व्यायाम आणि पेशंटला नीट समजावून सांगणं यावर त्यांचा भर आहे; कंबरपट्टा आणि ताण देणं सरसकट नको, असं त्यात म्हटलंय. माझं पायात उतरलेलं दुखणं त्यात तंतोतंत बसत नव्हतं, पण जागा बदलायचं मी त्याच दिवशी ठरवलं.

विश्रामबागच्या फिजिओ डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढ्या. हात लावायच्या आधी त्यांनी विचारलं, "काकू, लघवीला अडतं का? बसायच्या जागी बधिर वाटतं का? चालताना पाऊल लटकतं का?" यातलं काही असतं तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं म्हणाल्या. एमआरआयबद्दलही त्यांनी धीर दिला. कंबर न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांचे स्कॅन एकत्र तपासलेला अभ्यास २०१५ साली आला होता. त्यात पन्नाशीतल्या दर १० जणांत साधारण ६ जणांची गादी फुगलेली होती. तेवढं ऐकून त्या रात्री मला झोप लागली.

मग पालथं झोपवलं. आधी कोपरांवर टेकून, चार दिवसांनी हात सरळ करून छाती वर. भुजंगासनासारखंच दिसतं, पण कंबर पूर्ण ढिली सोडायची, जोर सगळा हातात. दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टची ही पद्धत. तिसऱ्या आठवड्यात पोटरी मोकळी झाली, पण कंबर जास्तच दुखायला लागली. मी घाबरून फोन केला. "काकू, पायातलं वर सरकून कंबरेत गोळा झालंय ना? चांगलं लक्षण आहे, थांबू नका." हे आधी माहीत नसेल तर माणूस नेमका इथेच सोडून देतो. मात्र हा व्यायाम सगळ्यांना चालत नाही. शेजारच्या आजोबांनी माझं बघून केला आणि त्यांचे पाय भरून आले. त्यांच्या मणक्यातली नळी अरुंद झालीय, त्यांना पुढे वाकल्यावर आराम पडतो. तेव्हा तपासून घेतल्याशिवाय कुणाचं बघून करू नका.

सगळ्यात जास्त फायदा मला झाडूच्या दांड्याने झाला. दांडा पाठीवर उभा धरायचा. डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही ठिकाणी टेकलेला पाहिजे. गुडघे थोडे सैल सोडायचे आणि दांडा न सुटता वाकायचं. पहिल्या दिवशी माझा प्रत्येक वेळी खालून सुटला. म्हणजे इतकी वर्षं मी खुब्यातून नव्हे, कंबरेतूनच वाकत होते. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी मला घरून पिठाचा डबा आणायला लावला आणि तोच उचलायची तालीम घेतली. आता डबा ओट्याखाली ठेवतच नाही. कणीक मळताना एक पाय पाटावर ठेवते, थोड्या वेळाने दुसरा.

पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढलं तेव्हा आठ-दहा दिवस घराबाहेर पडता आलं नाही. घरीच व्यायाम केले, काही बिघडलं नाही. बिघडलं ते दिवाळीत. फराळाच्या ऑर्डरीत पाच दिवस व्यायाम राहिले आणि मांडीत परत कळ आली. या वेळी चार दिवसांत आवरली.

खर्चाचं सांगते. एका वेळचे ३०० रुपये, एकूण २२ वेळा गेले. आता दीड महिन्यात गेलेले नाही. सकाळची वीस मिनिटं मात्र चुकवत नाही. गोळ्या ऑगस्टपासून बंद आहेत, पट्टा माळ्यावर टाकला. कोल्हापूरपर्यंत एसटीने गेले की उतरताना कंबर अजून आखडते. खाली मांडी घालून तासन्‌तास लाटणंही जमत नाही, त्यामुळे या उन्हाळ्यात पापडाच्या ऑर्डरी घेणार नाही, असं नेहमीच्या बायकांना आत्ताच सांगून ठेवलंय.