बर्फातल्या शूटला 70-200 न्यावी की 16-35?
दोन दिवसांच्या स्की-स्नोबोर्ड शूटला एकच लेन्स न्यायची तर कोणती, लांबचं जवळ आणणारी 70-200 मिमी की रुंद दृश्य टिपणारी (वाइड) 16-35 मिमी, यावर मैत्रीण अडली होती. वजनात 16-35 सरळ जिंकते, एफ/2.8 ची (जास्त प्रकाश आत घेणारी) 70-200 किलो-दीड किलोची, उतारावर आपटलात की पाठीत रुतते. पण पल्ला? स्कीवाला वळताना उडणारा फवारा टिपायला आपण वाटेबाहेर उभे असतो. तिथून वाइडमध्ये माणूस मुंगीएवढा दिसतो. उलट स्नोबोर्डची उडी रॅम्पच्या कडेला खाली बसून वाइडनेच उंच वाटते. मात्र बर्फ थेट काचेवर येतो, फडकं हाताशी हवंच. एक्स्पोजर (फोटोत येणारा प्रकाश) दोन्हींत स्टॉपभर, म्हणजे दुप्पट, वाढवा, नाहीतर बर्फ राखाडी येतो.

उतारावरची स्की टिपायची असेल तर 70-200, उड्या आणि मित्रमंडळींचे फोटो हवे असतील तर 16-35. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.