कृष्णद्रव्याचा शोध: झेनॉनची टाकी की दिशा सांगणारा डबा?

नागपुरात एमएस्सी फिजिक्स करून पीएचडीला कृष्णद्रव्य (डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं, गुरुत्वाकर्षणातूनच जाणवणारं द्रव्य) घ्यायचं ठरवलं, की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. झेनॉन वायू द्रवरूपात टाकीत भरून चालणाऱ्या मोठ्या प्रयोगात शिरायचं, की कण कुठल्या दिशेने आला ते ओळखणाऱ्या लहान डिटेक्टरवर काम करायचं?

आजच्या घडीला झेनॉनच पुढे आहे, यात वाद नाही. अमेरिकेत साउथ डकोटामध्ये जमिनीखाली चालणाऱ्या एलझेड प्रयोगात 7 टन झेनॉन कामाला लावलाय. इंग्लंडच्या बोल्बी खाणीतल्या, दिशा ओळखणाऱ्या 'ड्रिफ्ट' प्रयोगाच्या घनमीटरभर डब्यात विरळ वायू 200 ग्रॅमसुद्धा नव्हता. कृष्णद्रव्याच्या कणाची अणुकेंद्रकाशी धडक इतकी दुर्मिळ असताना हा फरक फार मोठा.

पण झेनॉनमध्ये धक्का बसलेलं अणुकेंद्रक एक मायक्रोमीटरही सरकत नाही, त्यामुळे कण कुठून आला ते कळायला मार्ग नाही. विरळ वायूत तेच केंद्रक मिलिमीटरभर माग सोडतं. आणि खरी मेख दिशेतच आहे. सूर्य आपल्याला घेऊन सेकंदाला सुमारे 230 किमी वेगाने हंस तारकासमूहाच्या रोखाने निघालाय, म्हणजे आकाशगंगेत भरलेल्या कृष्णद्रव्याचा वारा समोरून, तिकडूनच यायला हवा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रात्री आठच्या सुमारास नागपुरातून उत्तरेला बघा, हंसातला डेनेब सुमारे 66 अंश उंच असतो. बारा तासांनी तो क्षितिजाच्या 24 अंश खाली. म्हणजे हा वारा रोज एकदा वरून येणार आणि एकदा पायाखालून. खडकातली किरणोत्सारिता असं नक्षत्रांच्या वेळापत्रकाने वागत नाही.

इटलीतल्या 'दामा' प्रयोगाला वर्षानुवर्षं दिसणारा आणि कृष्णद्रव्याची खूण म्हणून सांगितला जाणारा वार्षिक चढउतार तसलेच स्फटिक वापरणाऱ्या 'आनाइस' आणि 'कोसाइन' या प्रयोगांना दिसला नाही. असा वाद दिशेनेच मिटू शकतो. शिवाय 2024 मध्ये झेनॉनएनटी आणि पांडाएक्स-4टी या झेनॉनच्याच प्रयोगांना सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांच्या खुणा दिसू लागल्या. हे धक्के हुबेहूब कृष्णद्रव्यासारखे. टाकी कितीही मोठी केली तरी ते सोबत वाढणारच. सूर्य मात्र कधीच हंसात जात नाही, म्हणून दिशा कळली की दोघं वेगळे काढता येतात.

कणाचा माग उमटवून घेणाऱ्या इमल्शन फिल्मचा (फोटोच्या फिल्मसारखी) तिसरा पर्याय आहे. वस्तुमान जास्त मिळतं, पण धडकेची वेळ नोंदली जात नाही, म्हणून फिल्म दुर्बिणीसारखी हंसाकडे फिरवत ठेवावी लागते.

डेटा विश्लेषण आवडत असेल आणि पीएचडीतच ठोस निकाल हवे असतील, तर झेनॉन घ्या. वायूचं मिश्रण, दाब, इलेक्ट्रॉनिक्स हाताने जमवायची हौस असेल तर दिशा घ्या. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे, कारण उद्या कोणाला संकेत मिळालाच तर तो हंसाकडून आलाय हे दाखवल्याशिवाय मी तरी मानणार नाही. भारतातच राहायचं असेल तर झारखंडमध्ये जादुगुडाच्या युरेनियम खाणीत 555 मीटर खोलीवर प्रयोगशाळा आहे. तिथला कृष्णद्रव्य शोधणारा 'इंडेक्स' प्रयोग दिशा सांगत नाही, पण खाणीतल्या कामाची सवय तिथे होईल. नागपूरहून टाटानगरला थेट गाडी आहे.