बाणेरमधली अर्जेंटिनी शेगडी

बाणेरच्या मुख्य रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका निवासी गल्लीत, किराणा दुकान आणि दवाखाना यांच्या मधोमध, अर्जेंटिनी पद्धतीने निखाऱ्यांवर मांस भाजून देणारे एक छोटे उपाहारगृह आहे. टेबले जेमतेम आठ. त्यांतले शेगडीसमोरचे मागून घ्यावे, कारण येथे पाहण्यासारखे जे काही आहे ते तिथेच आहे.

या शेगडीला अर्जेंटिनी लोक ‘पारिशा’ म्हणतात. कोळसा एका बाजूला पेटवून, ज्वाळा पूर्ण बसल्यावरच निखारे जाळीखाली ओढले जातात. जाळीच्या पट्ट्या पन्हळीसारख्या आणि पुढे उतरत्या असल्यामुळे वितळलेली चरबी निखाऱ्यांवर न पडता वाहून जाते, भडका उडत नाही आणि मांसाला काजळीचा कडवटपणा येत नाही. शेगडीवरचा तरुण बाजूचे चाक फिरवून जाळी बोटभर वर घेई, तळहात धरून धग अजमावी आणि पुन्हा खाली सोडी. तासाभरात त्याने चिमट्याने मांस दोनदाच उलटले.

त्या देशात ‘आसादो’, म्हणजे असे निखाऱ्यांवर भाजलेले मांस, हे मुख्यतः गोमांस. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी असल्याने येथे बोकडाचा सीना, म्हणजे छातीचा भाग, भाजतात, आणि ही तडजोड मुळीच खटकत नाही. मसाला नाही, दही नाही, केवळ जाडे मीठ. वरची चरबी खरपूस, आतले मांस ओलसर, आणि हाड नुसते ओढताच सुटणारे. तंदुरीला सरावलेल्या जिभेला पहिला घास अळणी वाटेल. दुसऱ्या घासाला मटणाची स्वतःची चव लागू लागते.

सोबतच्या चिमिचुरी या तोंडीलावण्याबद्दल मात्र तक्रार आहे. पार्सली, ओरेगानो, लसूण, मिरची, व्हिनेगर आणि तेल एवढाच तिचा संसार. येथे पार्सलीऐवजी सढळ हाताने कोथिंबीर घातल्याने ती वड्यासोबतच्या चटणीच्या वळणावर गेली आहे. एम्पानाडा ही करंजीची चुलत बहीण. आतले सारण कोणते हे अर्जेंटिनात तिच्या मुरडीवरून ओळखतात, पण येथे सगळ्यांना एकच मुरड घातलेली असल्याने चिकन मागवूनही आमच्या ताटात पालक आला. तो त्यांनी विनातक्रार बदलून दिला.

दूध आणि साखर तासन्‌तास आटवून केलेले दुल्से दे लेचे गोड पदार्थांत आहे. त्याचा रंग आणि किंचित करपट गोडवा थेट साताऱ्याच्या कंदी पेढ्याची आठवण करून देतो.

दोघांचे बिल ३,२०० रुपये झाले. सीना भाजायला तासभर लागतो, तेव्हा निघण्यापूर्वीच फोन करून तो सांगून ठेवावा. आम्ही तसे केले नव्हते आणि तोवर पावावरच पोट भरत आले होते.