विभागातील सामाईक उपकरणे : डिसेंबर ते चतुर्थीपर्यंतचा अनुभव

निकेल-झिंक फेराइटवर (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडवर) काम करणारी संशोधक विद्यार्थिनी या नात्याने आमच्या भौतिकशास्त्र विभागातील एक्स-रे डिफ्रॅक्टोमीटर (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासणारे) आणि एफटीआयआर (अवरक्त किरणांच्या शोषणावरून रासायनिक बंध ओळखणारे) ही दोन सामाईक उपकरणे मी गेल्या डिसेंबरपासून सातत्याने वापरत आहे. गोव्यात राहून हे काम करताना यंत्र किती नवे आहे यापेक्षा खोलीतली हवा किती कोरडी आहे आणि यंत्र कोणाच्या देखरेखीखाली आहे यालाच अधिक महत्त्व असते, असे माझे ठाम मत झाले आहे.

डिफ्रॅक्टोमीटरबद्दल मी पूर्ण समाधानी आहे आणि त्याचे मोठे श्रेय आमच्या तंत्र सहायकांना जाते. आठवड्याच्या सुरुवातीला ते सिलिकॉनचा प्रमाण नमुना लावतात, आलेखातले त्याचे पहिले शिखर २८.४४ अंशांच्या कोनावर येते की नाही ते पाहतात आणि तारखेसह नोंदवहीत लिहितात. माझ्यासाठी ही नोंद अत्यंत मोलाची आहे, कारण शुद्ध निकेल फेराइटपासून शुद्ध झिंक फेराइटपर्यंत गेले तरी जालक स्थिरांक (स्फटिकातील पुनरावृत्त होणाऱ्या घटकाची लांबी) सुमारे ८.३४ वरून ८.४४ अँगस्ट्रॉम इतकाच वाढतो आणि ३५.५ अंशांजवळचे मुख्य शिखर अर्ध्या अंशाहूनही कमी सरकते. यंत्रच थोडे सरकलेले असेल, तर तो फरक नमुन्याचा की यंत्राचा हे कळायला दुसरा मार्ग उरत नाही.

येथील एक्स-रे नळीतील लक्ष्य तांब्याचे आहे. तिच्या किरणांची ऊर्जा ८.०५ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट), म्हणजे लोह ज्या ऊर्जेपासून किरण जोराने शोषू लागते त्या ७.११ केईव्हीच्या शोषण-कडेपेक्षा थोडीच जास्त असल्यामुळे लोहयुक्त नमुने स्वतःच क्ष-किरणांत चमकू लागतात आणि आलेखाची पार्श्वभूमी वर उचलली जाते. फेराइटवाल्यांनाच नव्हे, तर खाणपट्ट्यातली माती घेऊन येणाऱ्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही हा त्रास होतो. डिटेक्टरच्या बाजूला मोनोक्रोमेटर (ठरावीक ऊर्जेचेच किरण पुढे सोडणारा भाग) बसवल्यास तो बराच कमी होतो, म्हणून पुढच्या निधीतून आधी तोच घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

एफटीआयआरचा अनुभव मात्र ऋतूप्रमाणे बदलला. त्यासाठी नमुना पोटॅशियम ब्रोमाइड या क्षाराच्या भुकटीत मिसळून डायमध्ये (साच्यात) दाबून गोळी करावी लागते. फेब्रुवारीत ही गोळी डायमधून काचेसारखी पारदर्शक निघत असे. जूनच्या मध्यानंतर तीच भुकटी अ‍ॅगेटच्या खलात घोटता घोटता खलाच्या कडेला चिकटू लागली, गोळी दुधाळ झाली आणि आलेखात ३४०० व १६३० तरंगांकांजवळ (तरंगांक म्हणजे एका सेंटीमीटरमधील लहरींची संख्या) पाण्याचे रुंद पट्टे उमटले. माझे स्पिनेलचे (फेराइटच्या स्फटिकरचनेचे) पट्टे ६०० आणि ४०० च्या आसपास असल्यामुळे ते वाचता आले. परंतु शेजारच्या प्रयोगशाळेतील ज्या सहकाऱ्यांना हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, जिचा पट्टा पाण्याच्याच पट्ट्याजवळ येतो) तपासायचा होता, त्यांचे काम पार अडले. भुकटी ११० अंश सेल्सिअसला रात्रभर ओव्हनमध्ये ठेवणे, डेसिकेटरमधली (ओलावा टाळणाऱ्या बंद भांड्यातली) सिलिका जेल निळ्याची गुलाबी होताच बदलणे आणि डिह्युमिडिफायरची टाकी दिवसातून दोनदा रिकामी करणे, एवढे सर्वांनी नेमाने सुरू केले तेव्हा गोळ्या पुन्हा स्वच्छ निघू लागल्या. उपकरणाच्या आतील खिडक्याही याच क्षाराच्या असल्याने ही काळजी केवळ आपल्या नमुन्यापुरती नाही, हे नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

वेळापत्रकाबाबत एक सूचना आहे. २० ते ८० अंशांचे स्कॅन ०.०२ अंशाच्या पायरीने आणि प्रत्येक पायरीला एक सेकंद दिल्यास पन्नास मिनिटांत होते. रिटव्हेल्ड विश्लेषणासाठी (संपूर्ण आलेखाशी जुळवून स्फटिकरचना काढण्याच्या पद्धतीसाठी) पाच सेकंद दिले, तर चार तासांहून अधिक लागतात. दोन्हींसाठी सध्या सारखीच स्लॉटची पद्धत असल्यामुळे पेडण्याहून किंवा काणकोणहून बसने येणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा एका छोट्या स्कॅनसाठी सारा दिवस जातो. दीर्घ स्कॅन संध्याकाळनंतर ठेवावेत आणि सकाळ छोट्या कामांना मोकळी सोडावी.

द्रव नायट्रोजनच्या मदतीने ७७ केल्विनपर्यंतची विद्युत मापने विभागातच होतात. त्याखालच्या चुंबकीय मापनांसाठी मी इंदूरच्या यूजीसी-डीएई कन्सोर्टियमकडे (विद्यापीठांना संशोधन-सुविधा देणाऱ्या संस्थेकडे) प्रस्ताव पाठवत आहे आणि त्यासोबत येथील किरणविवर्तनाचे आलेख सिलिकॉनच्या नोंदींसह जोडणार आहे.