पावसाची बातमी: न्यूज पोर्टलवरची की हवामान खात्याची?

सोयाबीन कापून रानात पडलंय आणि मळणीयंत्रवाला परवा येतो म्हणतोय. अशा वेळी गोळा करून गंजी लावायची की अजून एक दिवस ऊन द्यायचं, हे आता मोबाइल बघूनच ठरतं. परतीच्या पावसात आमच्या लातूर भागात हा प्रश्न घरोघरी असतो. मी बरीच वर्षं पोर्टलच्या बातम्यांवर चाललो, हल्ली हवामान खात्याच्या जिल्हानिहाय इशाऱ्यावर चालतो.

पोर्टलला कमी लेखू नये. कोणता पूल पाण्याखाली गेला, मांजरा धरणाचे दरवाजे उघडले का, हे खात्याच्या पत्रकात मिळत नाही. पडून गेलेल्या पावसाची बातमी द्यायला स्थानिक बातमीदारच हवा.

घोळ होतो तो न पडलेल्या पावसाचा. 'पुढील ४८ तास धोक्याचे!' हे ४८ तास धरायचे कधीपासून? बातमीवर वेळ असते ती बातमी टाकल्याची किंवा अपडेट केल्याची. मूळ इशारा कधी निघाला, हे शेवटपर्यंत वाचूनही बहुतेकदा कळत नाही. रात्री ग्रुपवर आलेली बातमी जुन्या अंदाजावरची असू शकते, आणि तोवर खात्याने नवा दिलेला असतो. स्क्रीनशॉट फिरायला लागला की उरलीसुरली तारीखही जाते. ओलसर सोयाबीन घाईने गोळा करून ताडपत्रीखाली दाबलं, तर गंजी आतून तापते, दाण्याला बुरशी धरते. उघडं ठेवलं आणि पाऊस आला, तर शेंगा भिजतात. दोन्हीकडून नुकसान, आणि निर्णय अडतो तो एका तारखेवर. माझा कल बदलला तो यामुळे.

खात्याच्या पत्रकावर जारी केल्याची तारीख-वेळ वरच असते, खाली जिल्हा आणि दिवसवार रंग: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. मराठवाड्याचा इशारा मुंबईच्या केंद्रातून निघतो, विदर्भाचा नागपूरच्या. पुढच्या दोन-तीन तासांचा तात्कालिक इशारा वेगळा येतो, विजांसाठी दामिनी ॲप आहे. शिवाय पत्रकात 'तुरळक ठिकाणी' लिहिलेलं असतं, म्हणजे जिल्ह्यातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर पाव भाग केंद्रांवर पाऊस. मथळ्यात तेवढे दोन शब्द गाळले की अख्खा जिल्हा बुडाल्यासारखा वाटतो.

अर्थात खात्याचा अंदाजही जिल्ह्यापुरताच, आपल्या शिवाराचा नव्हे. उदगीरला झोडपतो तेव्हा औशाला ऊन असू शकतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७४. एका शहरात एवढी तफावत, तर जिल्ह्याच्या रंगावरून बांधाबांधाचा हिशेब कसा लागणार? अंदाज चुकतातही. पण चुकला, तर कोणत्या वेळचा अंदाज चुकला ते तरी पत्रक बघून सांगता येतं.

ज्याला फक्त छत्री घ्यायची की नाही एवढंच ठरवायचंय, त्याला पोर्टल पुरेसं आहे. रानात माल पडला असेल, तर मला वाटतं आधी पत्रक बघावं. पिवळा असला तर मी ताडपत्री बांधावर आणून ठेवतो. नारिंगी असला आणि मळणीयंत्र लांब असेल, तर दुपारच्या उन्हात माल जमेल तेवढा सुकवून संध्याकाळच्या आत गंजी झाकतो. पोर्टल उघडतो ते दुसऱ्या दिवशी, तालुक्याचा रस्ता चालू आहे का ते बघायला.