बासेल मिशनचं जुनं मंगलोरी कौल : माल, हेतू आणि आजचा बाजार

कोकणात, गोव्यात जुनं घर पाडलं की छपरातून 'बासेल मिशन टाइल वर्क्स' असा ठसा असलेली कौलं निघतात. होमस्टे आणि फार्महाऊससाठी ती मुद्दाम शोधून विकत घेतली जातात. माल म्हणून हे कौल उत्तम आहे. ज्या धंद्यातून ते आलं त्याचा हेतू बऱ्याच अंशी प्रामाणिक होता, पण निखळ नव्हता. आज ते विकलं जातं त्या बाजाराला मात्र ख्रिस्ती कसोटी जरा कडकच लावायला हवी.

आधी हेतू पाहू. बासेल मिशन ही स्वित्झर्लंडच्या बासेल शहरातली प्रोटेस्टंट मिशनरी संस्था. तिचे पहिले मिशनरी १८३४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर उतरले. मंगळूर भागात ख्रिस्ती झालेल्यांमध्ये बिल्लव समाजातले पुष्कळ होते आणि ताडी काढणं हा त्यांचा परंपरागत धंदा. दारूशी नातं असलेलं काम मिशनला मान्य नव्हतं, तिकडे जातीनंही पाठ फिरवलेली. म्हणजे त्यांची रोजीरोटी काही अंशी मिशनच्याच अटीमुळे गेली होती. त्यांना काम देणं हा म्हणून उपकार नव्हता, ते देणं होतं. पुष्कळ गौरवलेखांत नेमकी हीच गोष्ट सुटते. आधी विणकाम सुरू झालं आणि १८६५ मध्ये जॉर्ज प्लेब्स्ट यांनी नेत्रावतीकाठी जेप्पूला कौलांचा कारखाना काढला. नदीकाठची चिकणमाती, भट्टीला लाकूड आणि मालवाहतुकीला समुद्र, सगळं हाताशी होतं.

नफ्याच्या बाबतीत रचना विचारपूर्वक केलेली होती. मिशनच्या व्यापारी कंपनीत भागधारकांच्या लाभांशाला मर्यादा होती आणि वरचा पैसा मिशनच्या कामाकडे जाई. याच कंपनीनं आफ्रिकेत गोल्ड कोस्टवर (आजचा घाना) दारूचा व्यापार नाकारला, आणि तिथं तो खूप चालणारा माल होता. हेतू तपासायची खरी जागा ही. तोटा सोसून काय नाकारलं, ते पाहावं. भिंतीवरचं वचन कुणीही लावतं.

तरीही एक गाठ सुटत नाही. पगार देणारा आणि चर्चच्या मंडळीची शिस्त लावणारा एकच असेल, तर कामगाराची श्रद्धा कुठली आणि पोटाची भीती कुठली, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. आजही ख्रिस्ती मालकाच्या दुकानात सकाळची प्रार्थना होत असेल, तर एवढं विचारावं : जो उभा राहिला नाही त्याच्या पगाराला, रजेला काही फरक पडतो का?

पहिल्या महायुद्धात सरकारनं हे कारखाने शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतले आणि १९१९ मध्ये ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले.

आता बाजार. सर्वांत मोठी फसवणूक ठशावरून होते. अनेक कौलांवर '१८६५' असा आकडा असतो आणि विक्रेता 'हे दीडशे वर्षांपूर्वीचं कौल' म्हणून भाव लावतो. तो आकडा धंद्याच्या स्थापनेचा आहे, कौल बनवल्याचा नाही. केरळात कोझिकोडजवळच्या फेरोकचा कारखाना १९०५ चा, तेव्हा फेरोकचं नाव असलेलं कौल १८६५ चं असूच शकत नाही. दुसरी लबाडी लाल ऑक्साइडच्या हाताची. रंगाखाली कच्चं भाजलेलं कौल आणि बारीक तडा दोन्ही लपतात. बायबलच्या नीतिसूत्रे ११:१ मधली खोटी तागडी तराजूतच असते असं नाही, ती रंगाच्या डब्यातही असते. रंगवलेलं कौल घेऊच नये.

पारख अशी करावी. कौल एका हातावर तोलून बोटाच्या पेरानं वाजवावं. खणखणीत नाद आला तर घ्यावं, बद्द आवाज आला तर बाजूला ठेवावं. मग मागचे टेकू पाहावेत. रिपेला, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्टीला, अडकणारा टेकू झिजला असेल तर कौल पावसाळ्यात घसरतं. सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतं का तेही पाहावं. ढिगातली सहा कौलं पूर्ण कोरडी करून तोलावीत, २४ तास पाण्यात बुडवावीत, पुसून पुन्हा तोलावीत. अडीच किलोच्या कौलानं अर्ध्या किलोपेक्षा जास्त, म्हणजे २० टक्क्यांहून अधिक पाणी प्यायलं, तर तो ढीग सोडून द्यावा. चांगला विक्रेता या चाचणीला हरकत घेत नाही.

एक चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात. १०० चौरस मीटरच्या छपराला १,५०० आणि तूटफूट धरून १,६५०. नुसत्या कौलांचं वजनच चौरस मीटरला ३७-३८ किलो होतं, म्हणून वासे आधी तपासावेत. सगळी कौलं एकाच कारखान्याची घ्यावीत. दोन कारखान्यांच्या खाचा मिलिमीटरभर चुकतात आणि वाऱ्याचा पाऊस तिथूनच आत येतो. रिपांचं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर असतं, पण पुस्तकातलं माप घेऊन ठोकू नये. आपलीच दहा-बारा कौलं जमिनीवर एकात एक बसवावीत आणि मोजावं. कोकणच्या पावसाला पाख्याचा, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूचा, उतार ३० अंशांच्या खाली नको. कौलं वळचणीकडून (खालच्या कडेकडून) आढ्याकडे (वरच्या टोकाकडे) चढत लावावीत आणि वळचणीच्या ओळीला तारेनं बांधावं. आढ्यावर निव्वळ सिमेंट थापलं की ते तडकतं, चुना घातलेला गिलावा टिकतो.

कौलं उतरवणाऱ्यांकडे ग्राहकाचं लक्षच नसतं. जुन्या रिपा कुजलेल्या असतात, पाय थेट कौलावर पडला की माणूस खाली येतो. पाख्यावर आडवी शिडी किंवा फळी आणि कमरेला दोर हवाच. घर बांधताना छताला कठडा कर, म्हणजे कुणी पडून त्याचं रक्त तुझ्या घरावर येणार नाही, असं बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात २२:८ सांगतं. हा नियम छपरालाच लागू आहे, त्यासाठी ओढूनताणून अर्थ काढावा लागत नाही. दोन अध्याय पुढे मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायला सांगितली आहे. 'माल विकला की देऊ' म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून कौल स्वस्तात मिळत असेल, तर ती सूट मजुराच्या खिशातून आलेली असते.

आणि मूळ घरमालक? गावातल्या म्हातारीला ठशाची किंमत माहीत नसते. तिच्याकडून राबिटाच्या भावानं छप्पर उचलून शहरात नगावर विकणं कायद्यात बसतं, शेजारधर्मात बसत नाही. विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात : कौल कोणत्या गावचं, मूळ मालकाला नगावर पैसे दिले की ठोक, आणि उतरवणाऱ्यांचा हिशेब कधी झाला. उत्तरं सरळ आली तर थोडा जास्त भाव देऊनही तिथूनच घ्यावं. तूटफुटीसाठी घेतलेल्या वरच्या दीडशेतली उरलेली कौलं विकू नयेत, माळ्यावर उभी रचून ठेवावीत. दरवर्षी मेमध्ये शाकारणीला, म्हणजे पावसाआधीच्या छपराच्या डागडुजीला, तीच लागतात.