जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, सोलापूर : अपंगत्व पेन्शनच्या कामाचा अनुभव

आमच्या ह्यांना सैन्यात ड्युटीवर मणक्याला मार लागला, ऑपरेशन झालं आणि मेडिकल बोर्ड आउट होऊन, म्हणजे सैन्याच्या डॉक्टरांच्या बोर्डाने सर्विसला अयोग्य ठरवल्यामुळे घरी आले. इकडं एमआयडीसीत सिक्युरिटीचं काम धरलं पण तासन्‌तास उभं राहणं जमेना, सोडावं लागलं, तेव्हा म्हटलं पेन्शनचे कागद तरी नीट कुणाला तरी दाखवू. आधी एका एजंटाकडे गेलो तर त्याने फाईल उघडलीच नाही, थकबाकीतले एवढे टक्के माझे, आधी सही करा म्हणे. उठून आलो सरळ.

मग सैनिक कल्याणला गेलो. तिथले साहेब स्वतः माजी फौजी. ह्यांना पाठ टेकता यावी म्हणून खुर्ची भिंतीला लावून दिली, आणि बोर्डाचा कागद आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) शेजारी शेजारी ठेवून पेन्सिलने खुणा करत एकेक ओळ वाचली. बोर्डाने अपंगत्व 40 टक्के दिलेलं, सर्विसमुळेच असं स्पष्ट लिहिलेलं, पण पीपीओत पण 40 च धरलेले! बोर्ड आउट झालेल्यांना 1 जानेवारी 1996 पासून राउंडिंग आहे, 50 च्या आत असेल तर 50 धरतात, 50 ते 75 ला 75 आणि त्याच्या वर 100. आणि 100 टक्के अपंगत्वाला पेन्शनच्या अपंगत्व भागापोटी शेवटच्या पगाराचे 30 टक्के मिळतात, म्हणजे पगार 30,000 धरला तर 40 ने 3,600 आणि 50 ने 4,500, महागाई भत्ता वेगळा. दर महिन्याला 900 चा फरक ओ, ज्याच्या घरी गोळ्या चालू आहेत त्याला विचारा 900 म्हणजे काय ते.

मी विचारलं, ह्यांना कामच होत नाही तर टक्के वाढत नाहीत का? तर नोकरी जमते का नाही ह्यावर टक्के ठरत नाहीत, ते बोर्डच ठरवतं, त्रास वाढला असेल तर री-सर्वे मेडिकल बोर्ड (पुन्हा तपासणी) मागता येतो, असं शांतपणे समजावून सांगितलं. रेकॉर्ड ऑफिसचा (सैनिकांच्या सर्विसच्या नोंदी ठेवणारं सैन्याचं ऑफिस) अर्जही तिथंच लिहून दिला, एक रुपया घेतला नाही.

ज्यांच्या कागदावर सर्विसशी संबंध नाही असा शेरा आहे त्यांनी पण गप्प बसू नका, अपील असतं, पुढे मुंबईला सैन्य न्यायाधिकरण आहे, आणि भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर 2013 चा सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग निकाल आजाराचा सर्विसशी संबंध दाखवायला कामाला येतो. जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि बोर्डाचा कागद ओरिजिनल न्या, झेरॉक्सवरचे बारीक शेरे वाचता येत नाहीत.